अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

गुणाजी माझा पडदा ओढायचा. कामगार रंगभूमीच्या दिवसांत मी राणी झाले, विधवा झाले, एकदा तर घाईघाईत पुरुषही झाले. प्रत्येक वेळी मला कधी झाकायचं आणि कधी उघडं पाडायचं, ते विंगेतला हा काटकुळा माणूस ठरवायचा. मला मिळालेल्या टाळ्यांतल्या अर्ध्या त्याच्या होत्या. दिवसा तो गोदीत युद्धनौकांचे दोरखंड सांभाळायचा. "दोरी ती दोरीच, बाई," म्हणायचा. "तकडे बोट बांधतंय, हंय तुमका."

त्यांतली एक नौका त्याची खास, तिला तो बोटच म्हणायचा. 'जहाज म्हण' म्हणून साहेब लोक चिडत, हा हसे. ती लांबच्या सफरीवर निघाली की धक्क्यावर त्याची मालवणी गँग हातात नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं घाली. गाऱ्हाणं गुणाजी म्हणे, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणत. शेवटची ओळ त्याची स्वतःची होती: "जितके चढले तितके उतरू देत रे म्हाराजा." मग नारळ दर्यात.

गुणाजी निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा हितेंद्र ठेकेदाराकडून त्याच नौकेवर रंगकामाला लागला. खालच्या टाकीत रंगवायला उतरला, रंगाच्या वाफेनं गुदमरला, आणि त्याला वर आणलं तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानंतर गुणाजीनं कधी गाऱ्हाणं घातलं नाही. घोडपदेवच्या चाळीतल्या गणपतीपुढेसुद्धा नाही.

पुढे नौकाच निवृत्त झाली. तिचं तरंगतं स्मारक करायचं ठरलं, तेही मुंबईच्याच पाण्यात, असं आधी बोललं गेलं. तेव्हा गुणाजी मला गिरगावात भेटायला आला होता. कितीतरी दिवसांनी त्यानं दाढी केली होती.

"तिकीट काढून जायन," तो म्हणाला. "त्या टाकीच्या झाकणाकडे बसान. कोणी हटकल्यान तर सांगान, म्हातारो आसंय, दम लागलो."

"आणि रखमाला नेशील?" मी त्याच्या बायकोबद्दल विचारलं.

"ती येवची नाय. ती डबो दितली."

त्या स्मारकात पितळी पट्ट्यांवर शहिदांची नावं असणार होती. ठेकेदाराच्या रंगाऱ्याचं नाव तिथे नसणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याला नाव नको होतं, बसायला जागा हवी होती. मग बातमी आली की नौका दुसऱ्या राज्यातल्या बंदराला दिली. तिथवरचा प्रवास गुणाजीच्या गुडघ्यांना आता झेपणारा नव्हता.

ती निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "बाई, उद्या गेटवेक येवा. गाऱ्हाणा घालूचा हा. माझे गडी अर्धे गावाक, अर्धे वर. 'व्हय म्हाराजा' म्हणूक तुमचो आवाज होयो."

"म्हणजे इतक्या वर्षांनी मला कोरसमध्ये घेतोस?"

"कोरस नसलो तर देवाक वाटतला, म्हातारो एकटोच बडबडता."

सकाळी आम्ही तिघं कठड्याशी उभे राहिलो. रखमानं नारळाची पिशवी छातीशी धरली होती. भोवती लोक फोटो काढत होते. पुढे ओढणाऱ्या दोन टगबोटी आणि मागे ती, करडी आणि मुकी. धूर नाही, भोंगा नाही.

"आपल्या पायान जाणा नाय बघा," गुणाजी पुटपुटला. "ओढून नेतत."

त्यानं नारळ हातात घेतला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज लावला. माणसं वळून बघायला लागली.

"आज ही आमची बोट तुझ्या पदरात देतंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत काय वाकडानडा असात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याचा आवाज चढला. अंगात जुना गुणाजी आला, धक्क्यावरचा. आणि सवयीनं ती ओळ आपोआप बाहेर पडली.

"जितके चढले तितके उतरू देत रे म्हाराजा!"

मी तोंड उघडलं. रंगमंचावर मी नाही नाही ते खरं करून दाखवलंय. पण हा एक 'व्हय' मला म्हणता येईना. गुणाजी डोळे मिटून वाट बघत राहिला. मग रखमानं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"एक उतरूचो रवलो ना हो," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. नौका वळली होती, तिची पाठ दिसत होती. नारळ हातातच राहिला.

परवा घोडपदेवला गेले होते. तो नारळ हितेंद्रच्या फोटोशेजारी आहे. गुणाजीनं उचलून माझ्या कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"गोटो झालो," तो म्हणाला. "खोबरा आतल्या आत सुटला."

"मग फोड ना. नाहीतर जाऊन सोडून ये समुद्रात."

"अर्ध्या गाऱ्हाण्याचो नारळ, बाई. फोडूचो नाय, नि दर्यात सोडूचोय नाय."

"ठेवा तो खाली," आतून रखमाचा आवाज आला.

त्यानं नारळ जागेवर ठेवला. गडगडू नये म्हणून खाली दोरीची चुंबळ होती, त्यानंच वळलेली. ती त्यानं बोटानं नीट केली, आणि हात तिथेच ठेवून बसून राहिला.