इटलीत जन्मलेली सानिया

निजामाच्या राज्यात आमच्या शाळेची भाषा उर्दू आणि घरची मराठी. त्यामुळे जगाचा इतिहास मी अर्धा समजून आणि अर्धा रचून शिकले. रचायची सवय अजून गेलेली नाही, पण हा प्रसंग मात्र रचलेला नाही.

आमची शेती वाटूरला. विहिरीच्या वहिवाटीचा एक दावा अंबडच्या कोर्टात इतकी वर्षं चालला की दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटी अंबडलाच बिऱ्हाड केलं. त्या दाव्याचे माझ्यावर फार उपकार आहेत, कारण अंबडला मुलींची शाळा होती. शाळेच्या हजेरीपटावर मला चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. थोरल्या बहिणीच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली, म्हणून घरात मला 'दुसरी' म्हणत. दुसरी, पाणी आण. दुसरीला हाक मार. पुढे गल्लीनं आणि वर्गानंही तेच उचललं. मला त्याचा राग यायचा, आणि मी चिडले की सगळ्यांना आणखी चेव यायचा.

थोरलीला चौथीतून काढून उजवली होती. माझ्या बाबतीत दादा जरा सैल होते. मी सातवीत गेले तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "तपासणीच्या बाईसाहेब पोरगी हुशार हाय म्हणल्या, तर औरंगाबादला पुढं शिकायला धाडीन. न्हाई म्हणल्या, तर मंग तुला बघायला येतील त्यांना मी हो म्हणणार." त्या दिवसापासून मला तपासणीशिवाय दुसरं काही सुचेना.

त्याच साली इतिहासात तो धडा आला. आमच्या उस्तानीबी, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, तापानं पंधरा दिवस घरी होत्या आणि वर्गाला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. धड्याचं नाव 'नशात-ए-सानिया'. आता उर्दूत तो मधला 'ए' लिहीत नाहीत, वाचणाऱ्यानं समजून घ्यायचा असतो. मी नाही घेतला. मी वाचलं 'निशात सानिया', आणि मला वाटलं, ही कुणी बाई आहे. पुढचं वाक्यन्‌वाक्य माझ्याच बाजूचं निघालं. ती इटलीत पैदा झाली, तिथून फ्रान्सात गेली, इंग्लंडात गेली, आणि जिथे गेली तिथे लोकांना जाग आली.

मला काय आनंद झाला! तोवरच्या इतिहासात सगळे पुरुष, आणि बहुतेक घोड्यावर. ही एकटी बाई पायी हिंडत होती. चित्रकारांना म्हणाली, देव काढता तसा समोरचा माणूसही नीट बघून काढा. कवींना म्हणाली, पंडितांची भाषा पुरे झाली, आईच्या भाषेत लिहा. शास्त्रज्ञांना म्हणाली, पोथीत आहे म्हणून मानू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माणूस ही मोठी गोष्ट आहे, असं सगळ्या धड्याचं म्हणणं होतं. सानियाबाईंची उंची, त्यांच्या लुगड्याचा रंग आणि लग्न न करण्याचा त्यांचा निश्चय एवढं मी पदरचं घातलं.

मग मी त्यांचं ऐकायलाही लागले. म्हशीला वरचे पुढचे दात नसतात असं आमचा गडी सांगायचा. मी तिच्या तोंडात हात घालून पाहिलं. खरंच नव्हते, आणि कोपरापर्यंत लाळ झाली. नंतर ओसरीच्या भिंतीवर कोळशानं झोपलेले दादा काढले, पोटासकट आणि उघड्या तोंडासकट. दादा जागे होऊन म्हणाले, "देवाचं काढावं, माझं कशाला काढून राह्यली?" आई पोतेरं घेऊन पुसायला निघाली तेव्हा मात्र त्यांनीच तिला थांबवलं. "ऱ्हाऊ दे. नाक बिलकुल बराबर आलंय."

तपासणीला बाईसाहेब थेट हैदराबादहून आल्या. मुलींची शाळा, म्हणून दाराला पडदा असे. त्या पडद्याबाहेर दादा येऊन उभे राहिले होते. खालून त्यांच्या वहाणा दिसत होत्या. बाईसाहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "नशात-ए-सानिया क्या है?"

'क्या' नाही, 'कौन' म्हणा, असं मी त्यांना सुचवलं. मग उर्दू-मराठीच्या खिचडीत सानियाबाईंचं अख्खं चरित्र सांगितलं, लुगड्यासकट. उस्तानीबींनी कपाळाला हात लावला. बाईसाहेब हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बेटी, जो कहा सब बराबर," त्या म्हणाल्या. "बस, ऐसी कोई औरत नहीं थी. नशात यानी पैदाइश. सानिया यानी दूसरी. दूसरी पैदाइश."

म्हणजे ती बाई नव्हतीच, युरोपातलं प्रबोधन होतं, इंग्रजीतलं रेनेसान्स. औरंगाबाद गेलं, हे तर होतंच. पण सानियाबाई गेल्या, याचं मला त्याहून वाईट वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि म्हणालं, "दुसरी!" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी चिडले, आणि चिडले की माझं तोंड आधी सुटतं.

"मंग न्हाई कशी? हाय की," मी म्हणाले. "घरात मलाच दुसरी म्हणतात."

बाईसाहेब हसायच्या थांबल्या. पडद्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सच है?"

वहाणा जरा मागे सरकल्या. "व्हय जी, म्हणतो," दादांचा आवाज आला. मग वहाणा पुन्हा पुढे आल्या, "पोरगी फेल झाली का, बाईसाहेब?"

"सवाल में फेल, जवाब में पास. औरंगाबाद भेजो इसको."

दादांनी शब्द पाळला. त्या दिवसापासून त्यांनी मला दुसरी म्हणणंही सोडलं. पण हजेरीपटावरचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, त्यामुळे निघेपर्यंत ते मला काहीच म्हणत नव्हते. नुसतं "अगं" आणि "ए" चाललं होतं.

औरंगाबादची रेल्वे जालन्याहून, म्हणून जालन्याच्या मोटारीवर त्यांनी स्वतः माझी ट्रंक चढवली. मोटार सुरू झाली तसे ते खिडकीशी आले आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "सानियाबाई, पोचल्यावर जल्दी पत्र टाका."