पाव्हण्याच्या वाटणीचा भंडारा

मनुबाईच्या उजव्या मनगटावर चार खड्डे आहेत आणि डाव्या भुवईत एक चीर. खड्डे कुत्र्याच्या दातांचे, चीर नवऱ्याच्या पट्ट्याची. फलटणजवळच्या तिच्या गावात खड्ड्यांबद्दल सगळे विचारतात. चिरेबद्दल कुणी विचारत नाही. ती चीर पडली तेव्हा आळीतली सगळी दारं ऐकत होती.

उदयसिंह फौजेतून परत आला तो पितळी बकलाचा पट्टा घेऊन. मारून दमला की खाटेवर बसायचा. मग सासू हळदीचा डबा काढायची, मूठभर हळद जखमेत दाबून धरायची आणि म्हणायची, "थांबलं रगत. जा आता, वाढ त्याला." असं म्हणून ती मनुबाईला पाठीत हात घालून पुन्हा त्याच खोलीत ढकलायची. कधीकधी एका रात्रीत दोनदा. पुढे ट्रॅक्टर कालव्यात उलटून उदयसिंह गेला, सासूही गेली. मनुबाई रडली नाही. गावाने तिला दगड ठरवलं.

कुत्रं आलं ते प्रांजलमुळे. प्रांजल तिच्या बहिणीची मुलगी, सांगलीत जखमी जनावरं सांभाळणाऱ्या मंडळींत काम करते. सांगलीबाहेरच्या एका मळ्यात कुत्र्यांच्या झुंजी लावत होते, तिथे पोलिसांची धाड पडली. बाकीच्या कुत्र्यांना ठिकाणं मिळाली, हे उरलं. उखळासारखं डोकं, जेमतेम खुंटं ठेवून कापलेले कान, फाटलेला ओठ. मागच्या पायांवर उभं राहिलं तर माणसाच्या खांद्यावर पंजे टेकतील एवढं.

"मावशी, घर मिळेपर्यंतच. कायमचं नाही."

"नाव काय ह्याचं?"

"झुंज लावणारे सुलतान म्हणायचे. तू म्हणू नकोस, थरथर कापतो."

"घर मिळस्तवर म्हंजी पाव्हणाच की," मनुबाई म्हणाली. त्याचं नाव पाव्हणा पडलं.

त्याच संध्याकाळी त्याच्या मानेवरची जखम पुन्हा वाहायला लागली. मनुबाईने डब्यातली हळद मुठीत घेतली आणि वाकली. त्याने मनगट धरलं ते हाडापर्यंत. तिने आरडाओरडा केला नाही. मार खाताना ओरडू नये हे तिचं शरीर फार पूर्वी शिकलं होतं. त्याने आपणहून सोडलं. झोंबणार हे कळलं असंल त्याला, असं तिने मनाशी ठरवलं आणि पुढे प्रांजलने दिलेलं पांढरं मलमच लावत राहिली.

पावसाळा गेला. पाव्हणा रात्री उंबऱ्यात आडवा पडायचा. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच दार कुणीतरी बाहेरच्या बाजूने राखत होतं.

मग दिराचा बोकड मेला. हंबीररावाने जत्रेसाठी पोसलेला बोकड सुटून मनुबाईच्या अंगणात आला आणि शिंगं रोखून पाव्हण्यावर धावला. पाव्हण्याने उठायची घाईसुद्धा केली नाही. नरडं धरलं, एकदा झटकलं. बोकडाचे पाय थोडा वेळ हवेत धावत राहिले. अंगणातल्या मातीचा चिखल झाला. हंबीरराव कोयता घेऊन आला, आणि उंबऱ्यात मनुबाई उभी दिसली म्हणून थांबला.

"वैनी, आईतवारी हे कुत्रं हितं दिसलं तर मटणात थिमेट घालून टाकीन. सांगितलं न्हाई म्हनू नका."

तो बोलेल ते करणारा होता. उसाला टाकायचं ते विष त्याच्या कोठीत पोत्याने होतं. गेल्या वर्षी कालव्याच्या कडेला दोन कुत्री फुगून पडलेली तिने पाहिली होती, जिभा दातांत रुतलेल्या.

प्रांजलने फोटो सगळीकडे पाठवला. बघायला माणसं आली. एका बंगलेवाल्याने लांबूनच मान हलवली. दुसरा गाडीतून उतरला, हातात जाड कडं. त्याने अंगठ्याने पाव्हण्याचा ओठ वर केला, सुळे बघितले, मानेवरचे वण बोटाने चाचपले.

"मावशी, किती झुंजी मारल्यात ह्यानं?"

मनुबाईने भिंतीला टेकवलेला कोयता उचलला. "तुझ्या थोबाडावर मोजून दाखवू?"

तो हसत गाडीत बसला. शुक्रवार उजाडला तरी घर नव्हतं. दुपारी म्हसवडकडच्या एका वस्तीवरून कोंडीबा नावाच्या मेंढपाळाचा फोन आला. लांडगा कोकरं उचलत होता. त्याला कुत्रा हवा होता, दांडगा.

शनिवारी सकाळी प्रांजलच्या जीपमधून ते माणदेशात उतरले. उसाचं हिरवं रान मागे राहिलं. इथे माळ होता, दगड होते, आणि वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, दाटीने बसलेली मेंढरं. कोंडीबाच्या खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड होती. त्याची बायको हरणाबाई त्याच्यापेक्षा उंच.

मनुबाईने ओळीने सगळं सांगितलं. भाकरी दुधात कुस्करून लागते, फटाक्याला भितो, सुलतान म्हणायचं नाही. बोकडाचंही सांगितलं.

"शिंग मारल्यावर मीबी सोडला नसता," हरणाबाई म्हणाली.

पाव्हणा वाघरापाशी जाऊन बसला. एक कोकरू जाळीतून तोंड काढून त्याच्या कापलेल्या कानाचा वास घेऊ लागलं. तो हलला नाही. 

"ह्यो आमचाच," हरणाबाई खुलून म्हणाली. "थांबा, देवाचा करून घेऊ त्याला. म्हंजी झालं."

त्यांच्या घरात येणारं प्रत्येक जनावर, मेंढी असो की घोडं, आधी बिरोबाचं होतं आणि मग त्यांचं. कपाळी भंडारा, म्हणजे देवाची हळद, लागला की झालं. हरणाबाईने देवापुढच्या पिशवीत हात घातला आणि पिवळीधमक मूठ घेऊन ती पाव्हण्याच्या तोंडाशी वाकली.

मनुबाईने ती मूठ पाहिली. कानांची खुंटं डोक्याला चिकटलेली पाहिली. तिच्या भुवईत ठणका उठला आणि त्या ठणक्यातच तिला सगळं कळलं. ओरडायला तोंड उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

दात कोपराखाली रुतले. हाताला हिसका बसला आणि हरणाबाई गुडघ्यांवर आली. पिवळा धुरळा उडाला, त्यात लाल मिसळलं. मेंढरं एकदम उठली, वाघर तुटायला आलं. कोंडीबाने कुऱ्हाड फिरवली. घाईत पात्याऐवजी मागचा बोथट तुंबा लागला, पाव्हण्याच्या पाठीत, ओल्या लाकडावर घाव पडल्यासारखा आवाज आला. त्याने हात सोडला नाही. दुसऱ्या घावाला कोंडीबाने पातं पुढे घेतलं, तोवर मनुबाई कुत्र्यावर पडली होती. तिने त्याच्या गळ्यातला पट्टा मुठीत धरला आणि पिळला, श्वास तुटेपर्यंत पिळला. दात सुटले.

"सरक बाई! खांडोळी करतो त्याची!"

"मारायचं तर मला मारा. मला सवय हाय."

कुऱ्हाड वरच राहिली.

हरणाबाईच्या हातातून रक्त धारेने गळत होतं. कोंडीबाने कुऱ्हाड टाकली आणि पुरुषांनी, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं तेच केलं. पिशवीतला भंडारा मूठभर घेऊन बायकोच्या जखमेत दाबला. ते पाहून पाव्हणा केविलवाणा ओरडला, पोट जमिनीला घासत भिंतीशी गेला आणि जागीच मुतला.

"बगा," मनुबाई म्हणाली. "झुंजीत जखमेत हळद दाबायचे असतील आन परत आत सोडायचे. पिवळा हात म्हंजी परत आत. मला पयल्या दिवशी कळाया पायजे हुतं. मला तर..." तिचं बोट भुवईवर गेलं आणि तिथेच राहिलं.

हरणाबाईने त्या बोटाकडे पाहिलं. 

प्रांजल तिला म्हसवडला घेऊन गेली, टाके घालायला, सुया टोचायला. मनुबाई बांधलेल्या पाव्हण्याशेजारी बसली. समोर कोंडीबा, मांडीवर कुऱ्हाड. तो म्हणाला, "परत न्हेला तर?"

"उद्या दीर इख घालंल."

त्याने पाव्हण्याच्या पाठीकडे पाहिलं. "तुंबा बसला तरी सोडलं न्हाई ह्यानं. लांडग्याला काय सोडतोय." मग मान हलवली. "पर भंडारा न लागल्यालं जनावर आमी ठेवत न्हाई, आक्का. देवाचं न्हाई ते आमचं न्हाई. आन ह्याला लावनार कोन?"

ऊन कलल्यावर जीप परत आली. हरणाबाईचा हात गळ्यात अडकवलेला, चेहरा मातीच्या रंगाचा. ती उतरली ती सरळ मनुबाईसमोर येऊन उभी राहिली.

"हिच्या हातचं खाल्लंय त्यानं. त्याच्या वाटणीचा भंडारा हिला लावते."

"आगं, ह्या बाईचा मालक न्हाई," कोंडीबा दबकत म्हणाला.

"भंडारा हाय त्यो, कुकू न्हवं. चावा कुनाला बसला? मला. मग मी बोलायचं."

तिने चांगल्या हाताने पिशवीतून चिमूट घेतली. पिवळी बोटं चेहऱ्यापाशी आली आणि मनुबाईची मान मागे झटकली. ओठ वर गेला, दात दिसले. हरणाबाईचा हात हवेत थांबला. कुत्र्याच्या वेळी ती थांबली नव्हती. आता थांबली. शेवटी मनुबाईने डोळे मिटले. बोटं कपाळावर टेकली, भुवईतल्या चिरेवरून फिरली. त्यानंतर पाठीत हात पडला नाही. कुणी कुठे ढकललं नाही.

"आता गं आक्का," हरणाबाई म्हणाली, "नाव बदलावं लागंल. पाव्हण्याला कोन ठेवून घेतंय व्हय?"

तिने हात दगडावर घासघासून धुतला. मग मनुबाईने दोरी तिच्या हातात दिली. जीप निघाली तेव्हा पाव्हणा दोरीला ताण देऊन उभा होता. भुंकला नाही. मनुबाईने मागे पाहिलं नाही.

दिवेलागणीला ती अंगणात शिरली तर हंबीरराव आडाशी उभा. हातात काळी पिशवी, तळाशी मटणाने ओली.

"उद्याची तयारी. कुत्रं कुठाय?"

"त्याच्या घरला."

त्याने निरखून पाहिलं. "आन हे काय तोंडाला, वैनी?"

"त्याच्या वाटणीचं." तिने हात पुढे केला. "पिशवी द्या हिकडं."

"आता कशाला?"

मनुबाईचा ओठ वर गेला. हंबीररावाने तिचे दात इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. त्याने पिशवी दिली.

तिने टिकाव घेतला आणि परड्यात खड्डा खणायला सुरुवात केली. गुडघाभर झाला तरी थांबली नाही. गावातल्या कुत्र्यांची नाकं तिला माहीत होती. घाम भुवईतून खाली उतरला, पिवळा, आणि ती खणत राहिली.