गंजी व्याली

मुंजाजी कडब्याच्या गंजीभोवती एक फेरी मारतो, उंचीकडे एकदा बघतो आणि पेंढ्यांचा आकडा सांगतो. पालमजवळच्या वाडीत त्याचं नाव आहे ते एवढ्यावरच. आयुष्यभर त्याने लोकांच्या गंजी रचल्या. स्वतःची एकही नाही.

त्याची पुतणी रेणुका परभणीला फिजिक्स शिकते. उद्या तिचा सेमिनार; आज वाडीत येऊन ती काकाला त्याचा विषय सांगत होती. अतिसूक्ष्म कणांच्या टकरींचं गणित करायला हजारो आकृत्या मांडून बेरीज करावी लागते. आता काही जण म्हणतात, बेरीज सोडा, एकच आकार घ्या, त्याचं घनफळ म्हणजेच उत्तर. सरांनी बजावलं होतं, "याचा खरंच उपयोग आहे का, ते सांग. गुळमुळीत नको."

"आकार बघून आकडा? मग मी दुसरं काय करायलोय?" मुंजाजी म्हणाला.

"काका, तो आकार कागदावरच्या नीटनेटक्या जगात चालतो. आपलं जग वेडंवाकडं."

"चल मग शेजारच्या भागवतच्या गंजीकडं. तिच्याइतकं वेडंवाकडं काईच न्हाई."

ती भागवतने स्वतः रचली होती, पाच-पाच पेंढ्यांचे शंभर पाचुंदे मोजून. मुंजाजीने फेरी मारली. पुन्हा मारली.

"एकशे सहा पाचुंदे."

भागवत खदखदला. "काका, गंजी व्याली का काय?"

ओट्यावर बसलेली त्याची आई अंबाबाईसुद्धा हसली. मुंजाजीचा चेहरा उतरला. "माझा डोळा चुकला असंल तर आजपासून गंजीला हात लावणार न्हाई."

रेणुका सेमिनार विसरली. "भागवतदादा, तुमची मोजणीही बरोबर असेल आणि काकाचा आकारही, तर?"

"तर आत तीस पेंढ्यांची पोकळी हाय," म्हणत मुंजाजीने बुडातून खांद्यापर्यंत हात घातला. चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "व्याली हाय गा भागवत. खुरं लागायलेत हाताला."

"कसली खुरं?" अंबाबाई उठली.

"बाजंची."

"माझी बाज? ती तर तू पालमला विणायला दिलीस न्हवं रं?"

"माय, कडब्याला वाळवी लागू नये म्हणून खाली जरा..."

"दोन महिने भुईवर निजायले मी, मेल्या!"

भागवत निमूटपणे गंजी उतरवू लागला. रेणुका म्हणाली, "काका, सांगते मी उद्या, बेरीज सोडू नका, पण आकार वेगळं बोलला तर आत हात घालून बघा. तरी सर विचारणारच, उपयोग काय झाला?"

"सांग," मुंजाजी म्हणाला, "एका म्हातारीला बाज मिळाली."