आमचे मिस्टर

कुडाळच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली. वडील माझी ट्रंक टपावर चढवून घेत होते आणि आई मला खांबाआड घेऊन माझ्या पदराच्या टोकाला देवीचा अंगारा बांधत होती. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. ज्यांच्याबरोबर मी निघाले होते ते गृहस्थ पलीकडे तिकिटं हातात धरून उभे होते आणि मी अजून त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

आई हळूच म्हणाली, "तेंचा नाव तोंडार हाडू नको हां. शेरात गेलंस म्हणान इसरू नको."

मग हाक कशी मारायची, असं मी विचारलं. तिला तो प्रश्नच कळला नाही. तिने अख्खा संसार "आयकलात?" एवढ्या एका शब्दावर केला होता. वडील गोठ्यात असोत की माडाच्या शेंड्यावर, ती "आयकलात?" म्हणायची आणि ते ओ द्यायचे. आमच्या गावात नवऱ्याला घोव म्हणतात, पण तोही दुसरीच्या नवऱ्याला. स्वतःच्या नवऱ्यासाठी बाईकडे शब्दच नसायचा. 'हे' म्हणायचं आणि मान जरा त्या दिशेला वळवायची.

भांडुपला टेकडीच्या चढावर त्यांची एक खोली होती. कारखान्यात ते फिटर होते. सकाळी डबा घेऊन निघाले की मी आणि चार भिंती. गावाला दार उघडलं की खळं म्हणजे अंगण, खळ्यात कोणी ना कोणी. इथे दार उघडलं की समोरचं दार. त्या दारातल्या शिंदे वहिनी एका कचेरीत टायपिस्ट होत्या. एका रविवारी त्यांनी मला विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे गेलेत?"

मला ऐकू आलं मिस्त्री. मी सांगितलं की आमच्याकडे अजून काही काम काढलेलं नाही, मिस्त्री कशाला येतील? वहिनी दाराच्या चौकटीला धरून हसल्या. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. आत बोलावून चहा दिला आणि समजावलं, की मिस्टर म्हणजे तुझा नवरा गं, इथे सगळ्या असंच म्हणतात.

ते घरी आल्यावर मी हा प्रकार सांगितला. लग्नानंतर ते माझ्यासमोर पहिल्यांदा मोकळेपणी हसले. "मग मी कोण? मिस्टर की मिस्त्री?" दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्याला म्हणाले, "मिस्टर आले की पैसे देते." शब्द तोंडात अंबाडीसारखा आंबट लागला. बोलले मात्र मी अगदी सराईतासारखी.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींना वाटेल, एका शब्दाचं एवढं काय. पण नवीन गावात बाईला हा शब्द फार उपयोगी पडतो. दुपारी अनोळखी माणसाने कडी वाजवली की आतूनच "मिस्टर झोपलेत" म्हणायचं. रेशनच्या दुकानात, शाळेच्या फाटकात, दवाखान्यात, सगळीकडे मी माझ्या नावाऐवजी हा शब्द पुढे करत असे. ज्यांनी माझ्यासारखं गाव सोडलं, त्यांना हे सांगायला नको. एकदा बसच्या रांगेत कोणीतरी यांच्यावर ओरडलं, "ओ मिस्टर, मागे व्हा." मला घरातलं भांडं कोणीतरी रस्त्यावर आणून आपटावं तसं वाटलं. हे निमूटपणे मागे गेले आणि मला म्हणाले, चालायचंच.

मुलगी सुप्रिया इंग्रजी शिकायला लागली तेव्हा तिने मला पकडलं. मिस्टरच्या पुढे नाव लागतं, मग तू नुसतंच मिस्टर कसं म्हणतेस? पुढे कधीतरी कपडे वाळत घालताना त्याचं उत्तर सुचलं, साहेबाने हा शब्द नावाला मान द्यायला आणला, आणि आम्ही बायकांनी तो नाव चुकवायला घेतला. यांना सांगितलं तर म्हणाले, तू मास्तरीण व्हायला हवी होतीस. ते मला "अगं" म्हणत, लोकांसमोर "आमच्या मिसेस". माहेरची मी शालन, लग्नात वैशाली झाले होते. शालन म्हणून हाक मारणारं मुंबईत कोणी नव्हतं.

आता सुप्रिया मेलबर्नला असते. नवऱ्याला सरळ नावाने आणि अरे-तुरे करते, आणि तिकडच्या लोकांना त्याची ओळख 'माझा पार्टनर' अशी करून देते. आमच्या भांडुपला पार्टनर म्हणजे पानाच्या गादीतला अर्धा वाटेकरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, तुम्ही दुकान काढलंत की काय? ती हसली, आणि मला शिंदे वहिनींची आठवण झाली. वहिनी तेव्हा हयात नव्हत्या.

हे रिटायर झाल्यावर आम्ही नाहूरला आलो. सातवा मजला, लिफ्ट, दोन खोल्या. दारं जाड, बंद असायची. इथे मला लोक आंटी म्हणायला लागले, यांना अंकल. आणि इथेच यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग आज कुठला वार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार, एकटं सोडू नका.

गणपती जवळ आले होते. मुलुंडच्या बाजारात मी मखरासाठी कागद बघत होते, यांचा हात एका हातात धरून. पैसे काढायला हात सोडला. वळून बघते तर हे नाहीत.

मी "अहो!" म्हणून हाक मारली. तीन-चार पुरुषांनी वळून बघितलं. त्यात हे नव्हते. पुन्हा हाक मारली, पुन्हा वेगळेच चेहरे वळले. कागदवाला दुकान सोडून खाली आला. काय झालं काकी? मी म्हणाले, "मिस्टर हरवलेत." त्याने विचारलं, "नाव काय त्यांचं? नाव सांगा ना, मी हाक मारतो."

माझ्या तोंडातून नाव येईना. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. तेवढ्यात गर्दीच्या पलीकडे मोठ्या रस्त्याच्या कडेला मला त्यांचा निळा शर्ट दिसला. एक पाय फुटपाथवर, एक खाली. समोरून डंपर येत होता.

"वसंत!" मी ओरडले. "वसंत, थांब!"

ते थांबले. डंपर गेला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला आणि तिथूनच म्हणाले, "इलंय गे, आये."

मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. मखराचे कागद राहिले. त्या दिवसापासून ते 'अहो'ला ओ देईनासे झाले. नावाने हाक मारली तरच बघायचे. मग मी दिवसभर त्यांना नावाने हाक मारू लागले. वसंत, जेवायला ये. वसंत, शर्ट घाल. जी गोष्ट एवढी वर्षं तोंडावर आणली नाही ती आता दर घटकेला. सुरुवातीला भिंतीवरच्या माझ्या आईच्या फोटोकडे बघवायचं नाही. मग त्याचंही काही वाटेनासं झालं. सासूबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आता त्यांच्या जागी मी होते.

एका दुपारी मी त्यांना भात भरवत होते. घास तोंडात तसाच ठेवून त्यांनी दाराकडे बघितलं आणि विचारलं, "आये, माझी बायल खंय गेली?"

काय सांगणार? मी म्हणाले, "बाजारात गेली हा. येतली."

"वेळ झालो गे तिका," ते म्हणाले. मग शहाण्यासारखे जेवले. पण संध्याकाळपर्यंत मान दाराकडेच. माझी वाट बघत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्या दिवसाएवढी एकटी मी भांडुपच्या पहिल्या दिवसांतही नव्हते, आणि ते गेले त्यानंतरही नाही.

पुढल्या पावसाळ्यात ते गेले. सुप्रिया आली, राहिली, चल म्हणाली. भावाचा फोन आला, गावाक ये, खोली रिकामीच आसा. गावी जाऊन राहून आले. भावजय फोनवर कोणाला तरी सांगत होती, "आमचे मिस्टर बाजारात गेलेत." मला वाटलं कानाला भास झाला. गावातल्या सगळ्या पोरीबाळी आता मिस्टरच म्हणतात. घोव म्हटलं की त्यांना हसू येतं. शिव्या देतानाच तेवढा ऐकू येतो. ज्या गावातून मी निघाले ते गाव माझ्या मागोमाग कधी शहरात येऊन गेलं, मला कळलंच नाही. चार आठवड्यांत परत आले. मेलबर्नलाही नको म्हटलं. कारण विचारलं तर धड सांगता येत नव्हतं.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भांडुपच्या कोळीवाड्यातली एक मासेवाली बसते, जनाबाई. परवा तिच्याकडे बोंबील घेत होते. तिने वाटा टोपलीतून उचलता उचलता माझ्याकडे बघितलं.

"तुजा मानूस गेला ना गो बाय," ती म्हणाली, "तरी दोगांचंच मावरं नेतंस."

तिने ते सहज म्हटलं, हात चालूच होते. मी मात्र तिथे उन्हात उभी राहिले. तुझा माणूस. एवढ्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं, मीही म्हटलं नव्हतं. आम्ही दोघं मिळून तिच्याकडे यायचो, त्यामुळे यांना बोंबील कसे लागायचे ते हिला माहीत होतं, कुरकुरीत, कडेला जरा जळलेले. मेलबर्नला हे कोणाला माहीत असणार? गावालाही नाही. माझा माणूस ज्यांनी पाहिला ते सगळे आता या फाटकाच्या आसपासच आहेत. मला वाटतं, माझं घर इथेच आहे ते त्यामुळे.

जनाबाईने विचारलं, कमी करू का? मी म्हणाले, नको, राहू दे.