न ऐकता दिलेला होकार

मला ऐकू कमी येतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, फक्त माझ्या घराला मान्य नव्हतं. घरच्यांचं एकच पालुपद, हिला जे ऐकायचं असतं ते बरोबर ऐकू येतं. सासरे ओसरीत खोकले की मी पाण्याचा गडवा घेऊन हजर, आणि नणंद शेजारी बसून काही सांगते तर मी ढिम्म. "बुढ्याचा खोकला ऐकू येते अन् माह्यं बोलनं नाई ऐकू येत? नाटकं करते नुसती!" नणंद म्हणायची. माझ्या कानांतून आधी बारीक आवाज गेले होते, बायकांचे, लेकरांचे, आणि जाड आवाज मागे राहिले होते. पण हे मला तरी कुठं माहीत होतं? मला वाटायचं, माझंच लक्ष नसतं.

नवऱ्याचा आवाज जाड आहे, तो ऐकू यायला हवा होता. पण आमच्याकडचे पुरुष मोकळ्या तोंडानं बोलतात कधी? सकाळी उठल्यापासून गालात खर्रा. सुपारी-तंबाखूचा रस गळू नये म्हणून ओठ दाबलेले, हनुवटी वर, आणि त्या फटीतून जे काय बाहेर येईल ते बायकोनं समजून घ्यायचं. नाही समजलं की, "बहिरी झाली का?" झाले होते ना बाबा! सहा वर्षं झाली होती होऊन. पण विचारणारा उत्तराला कधी थांबला नाही.

मग मी मान हलवायला शिकले. त्यात इतकी तरबेज झाले की काय सांगू! समोरच्याचा चेहरा पाहायचा. तो हसला तर हसायचं. त्याच्या कपाळाला आठी पडली तर "काय करता मंग" म्हणायचं. शेवटी भुवया वर गेल्या तर तो प्रश्न असतो, त्याला "हो हो" म्हणायचं. रोवण्याच्या दिवसांत बांधीत ओळीनं वाकून धान रोवताना बायका हसल्या की सगळ्यांत मोठ्यानं मी हसायची. एकदा त्या माझ्यावरच हसत होत्या, हे मला दोन दिवसांनी कळलं. घरी येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी बांधीत पुन्हा त्यांच्यासोबत हसले. इतकी मूर्ख बाई मी.

माझी लेक गोंदियाला नर्सिंग शिकत होती, होस्टेलवर राहायची. शेवटचं वर्ष होतं. तिनंच मला पकडलं. फोनवर तिनं सांगितलं की जिन्यात पाय मुरगळला, आणि मी म्हणाले, "बरं झालं." पुढच्या सुट्टीत ती घरी आली ती मला घेऊनच गेली. सौंदडहून गाडीत बसलो, तर अख्ख्या वाटेत ती माझ्या समोर बसून बोलली, शेजारी नाही. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली. शहाणी तर ती आधीपासूनच होती, मीच पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातली कान तपासणारी मुलगी हिंदी बोलणारी होती, वयानं माझ्या लेकीएवढीच. एका लहानशा बंद खोलीत मला बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून तिच्या तोंडाकडे पाहायला लागले. तिचा हात हलला की बटण, तिची नजर वर आली की बटण. अहो, तपासणीतही मी मान हलवत होते! तिनं दोन मिनिटांत ओळखलं. उठून आली आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आंटीजी, यहाँ किसी को खुश नहीं करना है. सुनाई दे तभी दबाइए." भिंतीकडे तोंड करून मी बसले आणि कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. एवढं काही माझ्या कानांबाहेर चाललं होतं.

तिनं कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे बरी होती, उजवीकडे खाली खाली घसरत गेलेली. म्हणाली, नस कमजोर झाली आहे, औषधानं परत येणार नाही, मशीननं मदत होईल, आणि मशीन लावूनही लोकांना तोंड समोर करून बोलायला सांगावं लागेल. "घरवालों को आपको ही बोलना पड़ेगा." बाहेर बाकावर एक म्हातारबा बसले होते, जन्मभर राइस मिलमध्ये काम केलेले, दोन्ही कानांत मशीन. मी पदर कानावर ओढत होते तर ते म्हणाले, "बाई, झाकता कायले? मी तं सांगूनच देतो, मले कमी ऐकू येते, इकडे पाहून बोला. चष्मा लावतो तं लाज वाटते का?" लेक सोडली तर सहा वर्षांत माझ्या कानाबद्दल माझ्याशी सरळ बोललेले हे पहिले दोघं, आणि दोघंही परके.

पहिले आठ दिवस वाटलं, मशीन उचलून विहिरीत टाकावी. भांडं भांड्याला लागलं की डोक्यात घण पडायचा. मग हळूहळू कानांना सवय झाली. सुपात तांदूळ पाखडताना आवाज होतो हे मी साफ विसरूनच गेले होते. नवऱ्याला म्हटलं, माझ्याकडे पाहून बोलत जा. तो म्हणाला, "आता मशीन आनली ना? मंग कायले पाहू?" घ्या! चष्मा लावला म्हणून कोणी अंधारात वाचायला लावतं का?

तेवढ्यात लेकीला स्थळ आलं. तिरोड्याकडचं घर, धानाची शेती आणि खत-बियाण्याचं दुकान, मुलगा सरळ. लेकीनं फोटो पाहिला आणि म्हणाली, बरा आहे, पण आधी माझी परीक्षा. पाहुणे यायच्या सकाळी नणंद आली. नवऱ्याची मोठी बहीण, गावातच दिलेली, त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच. माझ्या कानाकडे बोट करून म्हणाली, "हे काढून ठेव. पोरीची माय बहिरी दिसली तं म्हनतील, खानदानातच हाये. पोरीचं वाटोळं करतं का?"

मी काढली. माझ्या हातानं काढली आणि मसाल्याच्या डब्याशेजारी फळीवर ठेवली. लेक म्हणत होती, "आई, राहू दे कानात." तिचं ऐकलं नाही. ज्या बाईनं मला सहा वर्षं नाटकी म्हटलं तिचं ऐकलं, आणि जिनं दवाखान्यात नेलं तिचं नाही. ह्याचा राग माझ्या पोटात अजून आहे, आणि तो कोणावर काढता येत नाही.

पाहुणे बसले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचा बाप चांगला धिप्पाड माणूस, गालात खर्रा, बोलणं हळू आणि गोड. थोड्या वेळानं तो माझ्याकडे वळला आणि काहीतरी लांबलचक बोलला. माझ्या कानात नुसती गुणगुण. चेहरा हसरा होता, शेवटी भुवया वर गेल्या. मी म्हटलं, "हो हो, तुमचंच खरं." त्याचा चेहरा खुलला. त्याची बायको हसली, नणंद हसली, मीही हसले. नवरा तेवढा खाली पाहत होता. लेक कपबशा उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस त्याच बैठकीत ठरला.

दुसऱ्या दिवशी ती गोंदियाला गेली आणि तिचा फोन बंद झाला. म्हणजे फोन चालू, माझ्याशी बोलणं बंद. आठ दिवस. मी मोबाईलवर लिहून पाठवलं, बाई, काय झालं? तर उत्तर आलं, "तूच हो म्हटलं ना आई. मग आता कशाला विचारतेस?" मी लिहिलं, कोणत्या गोष्टीला हो म्हटलं मी? मग तिचा मेसेज आला, तो मी तीनदा वाचला. त्या माणसानं मला विचारलं होतं, लग्न परीक्षेच्या आधी उरकू, पोरीनं कॉलेज सोडावं, आमच्या घरच्या बाया ड्यूटीला जात नाहीत, आईचं काय म्हणणं? आणि आईचं म्हणणं होतं, तुमचंच खरं. खाली तिनं लिहिलं होतं, "मी तिथंच नाही म्हणणार होते. तुझ्या कानात मशीन नाही हे मला ठाऊक होतं, पण तूच हो म्हटल्यावर माझ्या बाजूनं कोण होतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा अंगणात पोती शिवत बसला होता, त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. "तुमाले ऐकू आलं होतं ना?" तो सुई ओवत राहिला. "तुमाले माहीत होतं मी मशीन काढली होती. मंग बोलले काऊन नाई?" तेव्हा तोंड उघडलं. "चार लोकांत तू हो म्हटलं, त्याच्यावर मी नाई कसा म्हनू? अन् वाईट काय हाये त्यात? खातं-पितं घर हाये." म्हणजे माझं बहिरेपण त्याला सहा वर्षं दिसलं नाही, आणि त्या एका दिवशी बरोबर कामाला आलं. मी त्याला त्या दिवशी जे जे बोलले ते इथं लिहीत नाही. सासरे ओसरीतून उठून शेजारी निघून गेले.

नणंदेला निरोप गेलाच. ती धावत आली. "आता सांगशील का, मले ऐकू नाई आलं म्हनून? शब्द गेला तो गेला. नाक कापशील आमचं!" कापलं तर कापलं. माझ्या लेकीची तीन वर्षं जात होती, आणि ह्यांना नाकाची पडली होती. मी लेकीला लिहिलं, तू साक्षगंधाला ये, बाकीचं माझ्यावर सोड. तिनं लिहिलं, "तुझ्यावरच सोडलं होतं." खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

साक्षगंधाला अंगणात मांडव घातला. दोन्हीकडची मिळून पन्नास-साठ माणसं. मी सकाळीच मशीन लावली आणि केसांचा असा घट्ट अंबाडा बांधला की आंधळ्यालाही माझे कान दिसावेत. नणंद डोळे वटारत होती, मी तिच्याकडे पाठ केली. लेक पिवळी साडी नेसून पाटावर बसली, मान खाली. ओटी भरायची होती. मी उठले, पुरुषांच्या सतरंजीवर जाऊन मुलाच्या बापासमोर मांडी घालून बसले.

"इवाईजी, त्या दिवशी तुमी मले काही इचारलं, मी हो म्हटलं. मले त्यातलं काहीच ऐकू आलं नवतं. मी बहिरी हाये. ही पाहा मशीन. आज पुन्हा सांगा."

त्यानं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "अवं, चाल घरात." मी म्हटलं, "त्यायच्याकडे नका पाहू, माह्याकडे पाहून सांगा." मुलाचा बाप ओठ दाबून काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, "तोंडात खर्रा हाये, समजत नाई. थुकून या." बायकांमध्ये कोणीतरी "अगं बाई!" केलं, तेही ऐकू आलं. तो धिप्पाड माणूस उठला, मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन थुंकला, चूळ भरली आणि परत येऊन बसला. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"आमचं म्हननं असं," तो म्हणाला, "का पोरीले उगाच दगदग नको."

"दगदग म्हंजे काय?"

"म्हंजे... आता लगन होऊन रायलं, तं ते शिकनं, ड्यूटी, कायले?"

खरं सांगते, हे मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी हात कानामागे धरला. "पंखा चालू हाये जी. मोठ्यानं सांगा."

मग त्याचा तोल गेला. ओरडलाच. "पोरीनं शिक्षन सोडावं! आमच्या घरी बाया ड्यूटीले जात नाई!"

चहाच्या कपामागून हळू आवाजात तेच वाक्य किती सभ्य वाटलं असेल! आता त्याची स्वतःची बायको पदर चाळवत खाली पाहायला लागली, आणि मुलगा घड्याळाचा पट्टा सोडून पुन्हा बांधत होता. एकानंही म्हटलं नाही की बरोबर आहे. बोलणारालाही ते आवडलेलं दिसलं नाही.

"आता ऐकलं," मी म्हटलं. "नाई जमनार. पोरगी परीक्षा देईल अन् ड्यूटीले जाईल."

"तुमचं काय म्हननं?" त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं.

"त्यायले कायले इचारता?" मी म्हटलं. "उत्तर झालं ना."

पाहुणे जेवले नाहीत. साडी, नारळ, खण सगळं उचलून गाड्यांत बसले. नणंद कपाळ बडवत होती, नवरा मांडवाचा खांब धरून उभा होता, आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक झाकून पडला होता. मी तिथंच सतरंजीवर बसून राहिले. लेक पाटावरून उठून आली, माझ्या समोर बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आई, ह्या वेळी खरंच ऐकू आलं होतं? की अंदाजानं नाही म्हटलंस?"