नव्या कॅलिपरना हळदकुंकू

आमच्या गाडीचे ब्रेक लागत नव्हते तोवर घरात कुणीच घाबरत नव्हतं. मी ते दुरुस्त करायला घेतले आणि सगळं घर धास्तावलं.

दुसऱ्या दिवशी लेकीला आणि तिच्या बाळाला भोरच्या दवाखान्यातून पासलीला आणायचं होतं. नातू पहिल्यांदा घरी येणार तो आजोबाच्याच गाडीतून, असं मी गावभर सांगून बसलो होतो. बायको म्हणत होती, वाटेत घाट आहे, शेजारची जीप सांगू. ते मला लागलं. पुढच्या चाकांचे दोन्ही कॅलिपर (ब्रेक दाबला की चाकाला चिमट्यात धरतात ते) जाम झाले होते. मी नवे आणले होते आणि ते कसे बसवायचे, हे मोबाईलवर जेवता जेवता बघूनही ठेवलं होतं.

आमच्याकडं नवी वस्तू आधी देवापुढं जाते. बायकोनं कॅलिपर पाटावर मांडले आणि इतक्या सढळ हातानं हळदकुंकू वाहिलं, की डावा कुठला नि उजवा कुठला सांगणारी खूणच त्याखाली गडप झाली. मला ते मोठे देखणे वाटले. मी तसेच बसवून टाकले.

मग ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सैल करून हवा सोडायची. बायको गोठ्यात होती, म्हणून बाळाला बघायला आलेल्या माझ्या आत्याबाईंना मी आत बसवलं. त्यांना ऐकू कमी येतं, पण सांगितलेलं काम अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. गारठा होता म्हणून त्यांनी काचा वर केल्या. मी ओरडून बजावलं, "म्या सांगंपातुर पाय काढायचा न्हाई."

कितीही केलं तरी पेडल मऊच. स्क्रूतून नुसतं तेल यायचं. आत्याबाई म्हणाल्या, "खालनं कुनीतरी पाय वडतंय रं."

मी हसलो. मग वाकून हातानं पेडल दाबून पाहिलं. ते सावकाश, अगदी बोलावल्यासारखं खाली गेलं, आणि माझं हसू थांबलं.

तेवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं. तेलाची दुसरी बाटली आणायला मी घरात गेलो, तर चहा झालेला होता. (चहापुढं मला जगाचा विसर पडतो.) कप संपत आला तोच बायको गोठ्यातून आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अंगनात बगा," एवढंच ती म्हणाली.

धुक्यात गाडी दिसतच नव्हती. दिसत होते ते दोन लाल दिवे. इंजिन बंद, पुढची चाकं काढलेली, आणि मागचे ब्रेकचे दिवे जळत होते. मध्येच ते विझले. गाडीतून दमलेला, लांबलचक उसासा ऐकू आला आणि दिवे पुन्हा लागले. आत्याबाई केव्हाच घरात जाऊन आडव्या झाल्या असतील, असं मी धरून चाललो होतो.

"माजं बाळ ह्या गाडीत बसायचं न्हाई," बायको म्हणाली.

पण नातवाचा प्रश्न होता. नारळ घेऊन मी गाडीपाशी गेलो आणि अत्यंत आदरानं म्हणालो, "कोन असाल ते, आमचं काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घ्या."

काच करकरत खाली आली. आतल्या काळोखातून आवाज आला, "आता सोडू का?"

नारळ माझ्याच पायावर पडला. ओट्यावर मी कसा पोचलो ते आठवत नाही. आत्याबाईंना बायकोनंच धरून बाहेर काढलं. त्यांचा पाय पार बधिर झाला होता.

सकाळी हळद पुसली तेव्हा उलगडा झाला. डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसला होता. त्यामुळं हवा सोडायचा स्क्रू तळाला गेला होता, आणि हवा वर निवांत बसून राहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनं सांगितलेली जीप तर केव्हाच भोरला गेली होती.

दुपारी लेक बाळाला घेऊन जीपमधून उतरली. नातवाचं तोंड बघून माझे डोळे भरून आले. बायकोनं दारात दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग आणखी एक तुकडा घेऊन ती माझ्याकडं वळली.

"तुमीबी हुबं ऱ्हावा हितं," ती म्हणाली. "गाडी चांगली हाय. बाधा मालकाला झालीया."

मी तेलकट हातांनी नातवाशेजारी मुकाट्यानं उभा राहिलो.