चांदीच्या पाण्यातली रेघ

बरणी खिडकीशी धरून काका आधी एक डोळा मिटायचे, मग किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला तो छोटा लेझर पेटवून त्याचा लाल उजेड पाण्यातून सोडायचे आणि मला हाक मारायचे, "ये गं, ये. दिसली का रेघ?"

कणकेचे हात पुसत मी जायची. पाण्यातून लाल रेघ आरपार गेलेली असायची. "दिसली," म्हणायची. ती खरोखरच दिसायची. मला राग येतो तो त्याचाच. रेघ खोटी असती तर किती बरं झालं असतं.

बोळिंजच्या एका सोसायटीत काका-काकूंकडे मी स्वयंपाकाला होते. चांदीप या माझ्या गावाहून जायची. काका मुंबईतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. स्वतः चहा केला तर पहिला कप मला द्यायचे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्यावर चिडायला जावं तर तो बिस्किटांची बशी पुढे सरकवतो.

मोबाईलवर काहीतरी बघून त्यांनी चांदीचं पाणी करायला घेतलं. तीन चौकोनी बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या, दोन चिमटे, चिमट्यांत चांदीच्या दोन तारा आणि त्या तारा बरणीतल्या पाण्यात सोडलेल्या. काका जेवणाच्या टेबलाशी बसून राहायचे. तारेवरून धुरासारखं काहीतरी हळूहळू खाली उतरायचं. लेझरची रेघ दिसली की चांदी पाण्यात उतरली, असं ते म्हणायचे. पाणी ते दुकानातून आणत, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, आणि ते संपलं की टँकरचं घेत. आमच्याकडचं टँकरचं पाणी खारं. त्यात तारा बुडल्या की बरणी ताकासारखी पांढरी होई. काका खूश.

"आज कडक झालंय!"

हे पाणी आधी तुळशीला गेलं, मग काकांच्या घशाला, मग माझ्या भाजलेल्या बोटाला. तोवर गंमत होती.

काकूंना मधुमेह. त्यांच्या उजव्या पायाचं जोडव्याचं बोट सुजलं. जोडवं रुतत होतं, पण नवरा समोर धडधाकट बसलेला असताना जोडवं उतरवायचं कसं, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. शेवटी सोनाराला घरी बोलावून कापून काढावं लागलं. खाली जखम झालेली.

काकांनी ते कापलेलं जोडवं उचललं, धुतलं, पकडीने सरळ केलं आणि चिमट्यात अडकवलं.

"अहो, पायातली चांदी?" काकू ओरडल्याच. "आणि ते पाणी मी प्यायचं?"

"पिऊ नकोस, जखमेला लाव. हिनेच जखम केली, हीच भरून काढील."

"सासूबाई असत्या तर त्यांनी तुम्हालाच बरणीत बुडवलं असतं!"

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं आठवलं की आता अंगावर येतं.

रोज सकाळी मी पट्टी सोडायची, काका पाणी ओतायचे, मी नवी पट्टी बांधायची. बोट आधी लाल होतं, मग जांभळं झालं, मग काळपट. मला मोठ्या माणसांशी तोंड वर करून बोलता येत नाही. मी गॅसकडे बघत म्हणायची, "काका, पट्टीला वास येतोय."

"शेजाऱ्यांकडे मासळी आणली असेल."

"डॉक्टरला दाखवू या?"

"घाई नको. पाणी काम करतंय."

त्यांच्या थोरल्या भावाचं असंच बोट चिघळलं होतं. तो दवाखान्यात गेला आणि गुडघ्यापासून पाय देऊन आला. काका म्हणायचे, "एकदा यांच्या हातात पाय दिला की तो परत मिळत नाही." म्हणताना त्यांचा हात नकळत स्वतःच्याच गुडघ्यावर जायचा. ते बघितलं की मी भांड्यांवर राग काढायची.

एके दिवशी काकूंनी आतून हाक मारली, "अहो, जरा इकडे या."

"आलो, आलो. होत आलंय."

पुन्हा हाक आली. पुन्हा "आलो." मग काकूंनी मला हाक मारली. त्यांचं अंग तापाने फणफणलं होतं. "रिक्षा बघ," म्हणाल्या. "मी पाय घालवून बसणार नाही."

माझ्या खांद्याचा आधार घेत त्या टेबलाजवळून निघाल्या. काकांचे दोन्ही हात चिमट्यांवर.

"कुठे?"

"डॉक्टरकडे."

"अगं, अर्धा तास थांब. हे झालं की मीही येतो."

"तुमचं होऊ द्या," काकू म्हणाल्या, आणि आम्ही जिना उतरलो.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मान हलवली. "घरी काय लावत होता?"

"पाणी," काकू म्हणाल्या.

बोट काढायलाच हवं होतं. आणखी थांबला असतात तर पाऊलही गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. काकूंना आत नेलं आणि मी वरच्या मजल्यावर बाहेरच्या लोखंडी बाकड्यावर बसले. शेजारची जागा रिकामी. खिडकीतून काका आलेले दिसले, पण ते वर आले नाहीत. मी खाली गेले तर फाटकाशी उभे, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. पिशवीतून बाटली काढून म्हणाले, "विचार ना डॉक्टरांना, जखम याने धुतली तर चालेल का?"

मला संतापाने रडू आलं. मी तशीच वर गेले.

बोट गेलं, पाऊल वाचलं. काकू घरी आल्या. भेटायला येणाऱ्यांना काका बरणी दाखवायचे, लेझर पेटवायचे. "हे लावत होतो म्हणून एका बोटावर भागलं." काकू भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एकदा शेजारीण "हो का?" म्हणत कौतुकाने वाकून बघायला लागली, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "काका, पुरे आता! त्या पान्यानं काय नाय झालं."

शेजारीण उठून गेली. काकांनी बरणी खाली ठेवली. रागावले नाहीत.

"मग मी काय करायचं होतं?" त्यांनी विचारलं. "नुसतं बसून राहायचं?"

ते खरंच विचारत होते. कुकरची शिट्टी झाली, मी आत गेले.

पुढे लेक येऊन दोघांनाही नाशिकला घेऊन गेली. मी आता दुसरीकडे पोळ्या करते. पोळ्या लाटताना मध्येच त्यांना मनातल्या मनात उत्तर देते, आणि रोज तितकीच चिडून देते. हो काका. दवाखान्यात वर यायचं होतं, त्या लोखंडी बाकड्यावर, माझ्या शेजारी. नुसतं बसून राहायचं होतं.